ऐकणाऱ्याची तार

बडोद्याला माझी धाकटी बहीण दिली आहे. दांडिया बाजाराच्या आतल्या गल्लीत तिचे जुने दुमजली घर आहे. बाहेर रस्त्यावर गुजराती, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि माझ्या बहिणीमुळे स्वयंपाकघरात थोडी कोकणी, असा त्या घराचा कारभार. गेल्या दिवाळीनंतर चार दिवस तिच्याकडे जाऊन राहिलो. गायकवाडांचे बडोदे पुन्हा एकदा नीट पाहावे, संग्रहालय, सुरसागर, जमल्यास मध्यवर्ती ग्रंथालय, असा बेत होता. पण त्यातले दोन दिवस गेले एका तारेपायी. ती हकीकत सांगतो, कारण तिच्या मागे लागून मी आपल्या गोव्यापर्यंत येऊन पोचलो.

बहिणीचे सासरे, तात्या, नव्वदीच्या जवळ आलेले. पायाचे हाड मोडल्यापासून ते मधल्या खोलीतच असतात. डोळ्यांनी वाचन होत नाही. टीव्ही त्यांना नको असतो. त्यांचा सोबती म्हणजे उशाशी ठेवलेला एक छोटा ट्रान्झिस्टर. रात्री दहाला विविध भारतीचे छायागीत लागले की घरातल्यांनी समजावे, तात्यांचा दिवस संपला. पण वर्षभरापूर्वी घराच्या मागे एक उंच इमारत उभी राहिली आणि तेव्हापासून रेडिओतून गाण्याऐवजी खरखर येऊ लागली. सरी पडाव्यात तसा आवाज, आणि त्यातून मधेच एखादी ओळ.

घरच्यांनी उपाय केले नाहीत असे नाही. मेहुण्यांनी मोबाईल आणून दिला. त्यावर सगळे ऐकू येते, पण दर वेळी कोणाला तरी हाक मारून लावून घ्यावे लागते. भाचा इंजिनियरिंगला आहे, त्याने इंटरनेटवरून अँटेनाचा बूस्टर मागवला. त्याने आवाज वाढला, आणि खरखरही तेवढीच वाढली. तात्यांनी दोन्ही वस्तू बाजूला सारल्या. मी सहज म्हटले, "तात्या, मोबाईलवर तर स्वच्छ ऐकू येतं." ते म्हणाले, "येतं हो. पण तुमच्या बहिणीला हाक मारून. माझा कान माझा आहे ना अजून? मग विचारायचं कशाला कोणाला?"

एवढे बोलून त्यांनी वर बोट केले. तुळईत एक चिनी मातीचा पांढरा बोंडा होता, गोटी असावी तसा, भोवती काळी पडलेली तांब्याची दोन वेढे तार. "आमच्या वडिलांची एरियल इथून जायची, गच्चीवर. त्या वेळी रेडिओ विकत घेणं सोपं होतं. ऐकू येणं कठीण होतं."

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीत फायली हलवणारा माणूस. विजेचे शास्त्र शाळेत टाळले तेवढे टाळले. पण तात्यांचे हे वाक्य डोक्यात बसले. रेडिओचा इतिहास आपण वाचतो तो बोलणाऱ्यांचा असतो. केंद्रे कधी निघाली, कोणी उद्घाटन केले, कोण निवेदक गाजले. ऐकणाऱ्याने काय खटपट केली, त्याचा इतिहास कोणी फारसा लिहिलेला नाही. तो गच्च्यांवर, तुळयांत आणि कौलांखाली विखुरला आहे.

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खाजगी कंपनीने ते काढले आणि व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी त्याचे उद्घाटन केले. प्रक्षेपक होता अवघा दीड किलोवॅटचा. साध्या संचावर तो दिवसा मुंबई आणि आसपासच्या परिसरातच नीट ऐकू येई. बडोदे तिथून सुमारे चारशे किलोमीटर. म्हणजे बडोद्याच्या श्रोत्याला दिवसा काहीच नाही. रात्री मात्र मध्यमलहरी आकाशातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि दूरवर उतरतात. पण त्या इतक्या क्षीण असतात की त्यांना गोळा करायला लांब तार लागते, आणि तार जितकी उंच तितकी बरी.

मग गच्चीच्या दोन टोकांना बांबू उभे राहत. मध्ये तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनी मातीचे बोंडे, म्हणजे बांबू ओला झाला तरी तारेतला जीव त्यात जिरू नये. तिथून एक तार खाली दिवाणखान्यात. दुसरी तार रेडिओपासून नळाच्या लोखंडी पाइपाला किंवा अंगणात पुरलेल्या पत्र्याला. एरियल आणि अर्थ, आकाश आणि जमीन, या दोघांच्या मध्ये रेडिओ. पावसाळ्यात वीज चमकू लागली की खटका ओढून एरियल सरळ जमिनीला जोडायची, नाहीतर नको ते आकाशातून घरात यायचे. ब्रिटिश हिंदुस्थानात वर आणखी वर्षाला दहा रुपयांचा परवाना. इतके करून रात्री नऊ वाजता मुंबईचे गाणे चढत्या-उतरत्या आवाजात आले की घरमालकाने शेजाऱ्यांना बोलवायचे, आणि गाणे गेले की शेजाऱ्यांची समजूत घालायची.

पुढे बडोदे संस्थानाने स्वतःचेच रेडिओ केंद्र काढले. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी आकाशवाणीची भारतात सहाच केंद्रे होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. त्यांच्या जोडीला संस्थानांची पाच. त्यात म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदे. ज्या संस्थानात सयाजीरावांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले, १९१० नंतर गावोगाव ग्रंथालये पोचवली, पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, तिथे रेडिओ केंद्र निघावे हे ओघानेच आले. पुस्तकाची पेटी गावात जावी तसे गाणे घरात जावे.

या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्या. बडोद्याच्या दरबारात उस्ताद फैयाज खाँ होते. आग्रा घराण्याचा हा थोर गायक बडोद्यालाच राहिला आणि १९५० साली बडोद्यालाच वारला. संगीत परिषदांतून ते देशभर गायले, पण बडोद्याच्या सामान्य माणसाला राजवाड्यातल्या मैफलीचे बोलावणे कोण धाडणार? तात्या सांगत होते, "माझ्या वडिलांना दरबारात कोणी विचारत नव्हतं. ते कारकून. पण खाँसाहेब रेडिओवर असले की आमच्या घरी पाट मांडले जायचे. मी इतका लहान, मला राग काय कळणार? पण वडील सांगायचे, नीट बस, हे दरबारातलं गाणं आहे." कारकुनाच्या घरी दरबारातले गाणे येते ते गच्चीवरच्या तारेने. मी स्वतः कारकून असल्यामुळे असेल, पण हे ऐकताना मला त्या न पाहिलेल्या गृहस्थाविषयी फार आपुलकी वाटली.

बडोद्याचे केंद्र १९४८ च्या डिसेंबरात आकाशवाणीने ताब्यात घेतले. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले १ मे १९४९ रोजी. म्हणजे राज्याआधी रेडिओ विलीन झाला. त्याच एप्रिलमध्ये अहमदाबादचे केंद्र निघाले आणि पुढे 'अहमदाबाद-वडोदरा' अशी जोडघोषणा लोकांच्या कानात बसली. या घोषणेत बडोदे दुसरे आले, याची खंत तात्यांच्या आवाजात अजून होती.

पण तारेचा खरा हंगाम आला १९५२ नंतर. डॉ. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. माणूस शास्त्रीय संगीताचा जाणता, आणि सिनेमासंगीताबद्दल तेवढाच कठोर. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? मोर्चे काढले नाहीत. रेडिओचा काटा मध्यमलहरीवरून लघुलहरीवर नेला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी सिलोनमध्ये जबरदस्त लघुलहरी प्रक्षेपक उभारले होते, ते रेडिओ सिलोनला मिळाले होते. त्यावर १९५२ च्या डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री सगळा देश कोलंबोकडे कान लावून बसू लागला.

लघुलहरींची लांबी कमी असते. एकतीस मीटरच्या पट्ट्यासाठी पाव लहर, म्हणजे साधारण पावणेआठ मीटरची तार पुरते. आता गच्चीवर बांबू रोवायची गरज उरली नाही. बाजारात तांब्याच्या बारीक तारांची विणलेली चपटी पट्टी मिळू लागली. दिवाणखान्यात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत छताजवळून ती ताणायची. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना ती जाळीची एरियल आजोळच्या घरी पाहिल्याचे आठवत असेल. चाळीत, भाड्याच्या खोलीत, जिथे गच्ची आपली नाही, तिथे या पट्टीने सिलोन आणले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारने विविध भारती सुरू केली. मंत्र्यांच्या आवडीला श्रोत्यांनी दिलेले उत्तर सरकारने ऐकले, असे म्हणायला हरकत नाही. ते उत्तर घराघरांत भिंतीवर टांगलेले होते.

आणि आता गोवा. इथे तारेची गोष्ट केवळ आवडीनिवडीची राहत नाही.

१९४२ च्या 'छोडो भारत' चळवळीत मुंबईत एक गुप्त रेडिओ चालत होता, काँग्रेस रेडिओ. त्याचे पहिले प्रक्षेपण २७ ऑगस्ट १९४२ रोजी झाले, ४२.३४ मीटरवर. उषा मेहता नावाची बावीस वर्षांची तरुणी आणि तिचे सहकारी पोलिसांना चुकवत जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला धाड पडली आणि तो आवाज बंद झाला. जेमतेम अडीच महिने. या रेडिओच्या पाठीशी डॉ. राममनोहर लोहिया होते. तेच लोहिया १८ जून १९४६ रोजी मडगावच्या मैदानावर उभे राहिले, हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको.

त्याच १९४६ साली पोर्तुगीज सरकारने पणजीत एमिसोरा द गोवा हे रेडिओ केंद्र सुरू केले. आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून दुसऱ्या बाजूने एक आवाज येऊ लागला. 'व्हॉईस ऑफ फ्रीडम'. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे तो चालवत. आरंभी आंबोलीच्या जंगलात, ट्रकमध्ये बसवलेल्या प्रक्षेपकावरून, नंतर कॅसलरॉकहून. कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत. १९६१ च्या डिसेंबरापर्यंत, सहा वर्षे. गोवा मुक्त झाल्यावर हेच दोघे विमानातून पणजीवर घिरट्या घालत ध्वनिक्षेपकावरून ती बातमी सांगत होते. पुढे त्यांनी लग्न केले. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती.

त्या दोघांविषयी आपल्याकडे लिहिले गेले आहे, आणखीही लिहिले जावे. पण रेडिओला दुसरे टोकही असते. बोलणारा आंबोलीच्या झाडीत, ऐकणारा कुठे? आमच्या घरापुरते मला ठाऊक आहे. पेडण्याच्या बाजूला आमचे जुने घर. चिऱ्यांच्या जाड भिंती, वर कौले. आजोबांकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता, आणि गावात वीज नव्हती. बॅटरी उतरली की म्हापशाला नेऊन भरून आणावी लागे. चिऱ्याच्या भिंतीआड रेडिओ मुका होई, म्हणून एरियल हवीच. पण आजोबांनी ती छपरावर लावली नाही. आढ्याखालून, कौलांच्या आतल्या बाजूने, वाशांना दोऱ्याने बांधत नेली. लहानपणी मी आजीला विचारले होते, ही तार आत का? आजी म्हणाली, "भायर लावल्यार दिसता." एवढेच. आजोबांनी त्या विषयावर मोठे भाषण केले नाही. ते सत्याग्रहात नव्हते, तुरुंगात गेले नाहीत, त्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही. संध्याकाळी दार लावून आवाज अगदी बारीक करून कान रेडिओला टेकवून ते बसत, इतके आजी सांगे.

बाहेरची तार जास्त पकडते, आतली कमी. हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी आतली पत्करली. थोडे कमी ऐकू आले तरी चालेल, पण आपण काय ऐकतो ते आपल्यापाशी राहावे. बडोद्याच्या मधल्या खोलीत तात्यांच्या तुळईकडे पाहताना मला आमचे आढे दिसत होते. एकाची तार दिमाखात गच्चीवर, दुसऱ्याची वाशाला लपलेली. पण दोघांचे म्हणणे एकच. बोलायला राजा लागतो, सरकार लागते, नाहीतर जिवावर उदार झालेली माणसे लागतात. ऐकायला एक तार पुरते, आणि ती तार ऐकणाऱ्याची स्वतःची असते.

आता तात्यांच्या खरखरीकडे वळतो. भाच्याला मी ही सगळी कथा सांगितली. तो कलाभवनात शिकतो. सयाजीरावांनी १८९० साली काढलेली ही हुन्नरशाळा आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. तो हसला आणि म्हणाला, "मामा, बूस्टर घेतला तिथेच चुकलो. येतच नाही ते वाढवणार काय? आधी पकडायला हवं." मग त्याने हिशेब मांडला. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. मधली लहर सुमारे तीन मीटर, तिचा चौथा भाग पाऊण मीटर. म्हणजे पाऊण-पाऊण मीटरचे दोन हात असलेली एरियल हवी. गच्ची नको, बांबू नको.

माळ्यावर दूरदर्शनच्या जमान्यातल्या अँटेनाची चपटी दुपदरी वायर गुंडाळून ठेवलेली सापडली. बहीण ती दोनदा भंगारात टाकणार होती. आम्ही तिचे एक टोक मधोमध चिरून पंचाहत्तर सेंटिमीटरपर्यंत दोन पदर सुटे केले आणि ते दोन बाजूंना ताणले. इंग्रजी टी अक्षरासारखा आकार झाला. मधल्या खोलीत लाटा पोचत नव्हत्या, पण पुढच्या सज्जात पोचत होत्या. म्हणून तो टी सज्जाच्या लाकडी चौकटीला बांधला, लोखंडी ग्रिलला टेकू दिला नाही, आणि उरलेली वायर दारावरून तात्यांच्या उशापर्यंत आणली. तिथे एक पदर रेडिओच्या दांडीला चिमट्याने, दुसरा बॅटरीच्या ऋण टोकाच्या पट्टीला. खर्च दोन चिमट्यांचा, वीस रुपये.

पहिल्यांदा काही जमले नाही. टी आडवा होता. तो थोडा फिरवला, मग उभा करून पाहिला, तेव्हा आवाज आला, पण मागे एक किरकिर होती. तात्यांनी पडल्या पडल्या सांगितले, "दिवा घालवा." खोलीतला नवा एलईडी दिवा बंद केला आणि किरकिर थांबली. आम्ही दोघे शिकलेले, आम्हाला ते सुचले नव्हते. मोबाईलचा चार्जरही मग दूरच्या भिंतीवर नेला. स्वस्त दिवे आणि चार्जर स्वतःच बारीकसे प्रक्षेपण करत असतात, हे त्या दिवशी कळले.

मध्यमलहरीवर मुंबई काही आली नाही. तात्यांनी काटा तिथपर्यंत नेला, थोडा वेळ तसाच धरला, आणि परत आणला. सगळे परत मिळत नसते. पण रात्री दहाला ते स्वतः हात लांब करून रेडिओ लावू शकले आणि गाणे स्वच्छ आले. कोणाला हाक मारावी लागली नाही. बहीण स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, तिला वाटले मीच लावून दिला.

निघताना पाया पडलो तेव्हा तात्या म्हणाले, "वायर दारावरून गेली आहे, कोणी ओढणार नाही असं सांगून जा." मी सांगितले. सज्जाच्या चौकटीवर एक खिळाही वाढीव मारून आलो.

गोव्याला परतल्यावर रविवारी पेडण्याच्या घरी गेलो. कौले बदलली, वासेही बरेच बदलले. पण माजघरावरच्या जुन्या आढ्याला एका जागी दोऱ्याची गाठ अजून आहे, कुजून काळी झालेली. तार केव्हाच गेली आहे. सुतार येणार आहे पुढच्या महिन्यात. त्याला म्हटले आहे, बाकी काय ते बदल, ते आढे तेवढे राहू दे.